चौथी लाइन मोकळी ठेवा

मी एक जुनी पेटी आहे, आणि मी दाराच्या मागे राहते. कचेरीचे दार उघडले की मी त्याच्याआड जाते, मग मला फक्त ऐकू येते. दार लावले की सगळी खोली दिसते. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या निम्म्या गोष्टी मी पाहिलेल्या आहेत आणि निम्म्या नुसत्या ऐकलेल्या. सांगताना मी त्यांची सरमिसळ करणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुम्ही बहुधा पाहिली नसेल. मी शाळेच्या दप्तराएवढी आहे. अंग राखाडी पत्र्याचे, पुढे झाकण, झाकणाला छोटी कडी. माझ्यातून बारा वायरी कचेरीतल्या बारा फोनांकडे जातात आणि चार वायरी बाहेरच्या जगाकडे. कागदोपत्री माझे नाव टेलिफोन एक्स्चेंज. कचेरीतल्या ऑपरेटरताई मात्र मला ‘आमची पेटी’ म्हणत. मला तेच नाव आपले वाटते.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. तिथे ओळीने बायका बसत आणि प्रत्येकीपुढे एक दिवा आणि एक भिंग असे. जिने डाख देऊन माझ्या वायरींचे सांधे जोडले, ती फारसे बोलत नसे. सांधा चकचकीत झाला की पुढच्याकडे वळायची. माझा शेवटचा सांधा तिला जरा निस्तेज दिसला. तो चालला असता. शेजारची म्हणालीसुद्धा, “अगं, चालेल. डबा खायची वेळ झाली.” ती म्हणाली, “आज चालेल. वीस वर्षांनी निखळला तर कोण बघणार आहे?” आणि तिने तो सांधा उकलून पुन्हा जोडला. तो माझ्या चौथ्या बाहेरच्या लाइनचा सांधा होता. मला त्या बाईचा चेहरा आठवत नाही, कारण तिच्या आणि माझ्या मध्ये कायम भिंग असायचे. हात मात्र आठवतात.

तिथून मी आले ती एका धरणाच्या कचेरीत. धरण मोठे, कचेरी लहान. कचेरीत ऑपरेटरताईंची खोली, साहेबांची खोली, नकाशांची खोली आणि कोठार. पाण्याची पातळी मोजणाऱ्या बाईंची खोली जलाशयाच्या काठावर होती. त्यांना सगळे मापवाल्या बाई म्हणत. आणि अगदी वर, धरणाच्या भिंतीवर, दरवाज्यांची खोली. धरणाचे लोखंडी दरवाजे वर उचलायचे बटण तिथे होते, आणि त्या बटणापाशी बसत दरवाजेवाले मामा. ते ताईंचे मामा नव्हते, तसे ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळी कचेरी त्यांना मामाच म्हणे.

आता माझे काम सांगते. आत फोन बारा, बाहेर जाणाऱ्या लाइनी चार. बाराही जण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत, म्हणून चार लाइनी पुरतात. आतल्या माणसाने फोन उचलून शून्य दाबले की मोकळी असेल ती लाइन मी त्याला देते. हे ऐकायला सोपे वाटते. पण कोणाला कोणती लाइन द्यायची, आधी कोणती आणि नंतर कोणती, कोणाला अजिबात द्यायची नाही, हे मला आपोआप कळत नाही. ते कोणीतरी मला एकदा नीट सांगावे लागते. आणि जे सांगितले तेच मी करते, सांगणारा चुकला असला तरीही.

मला पहिल्यांदा सांगितले ते पेन्सिलकाकांनी. ते टेलिफोनचे लाइनमन होते. कानावर सदैव पेन्सिल, त्यामुळे हे नाव. त्यांनी मला भिंतीवर टांगले, बारा फोन जोडले आणि मग माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. लगेच कामाला लागले नाहीत. ताईंना म्हणाले, “आधी सांग, इथे कोण कोणाला फोन करतं आणि कशासाठी.”

ताई तेव्हा नव्या होत्या. म्हणाल्या, “ते कशाला हवंय काका? लाइनी चार आहेत, द्या चारही सगळ्यांना.”

“आणि पाणी सोडायच्या वेळी चारही लाइनींवर गप्पा चालू असल्या तर?”

ताई खुर्ची ओढून सांगायला बसल्या. कारण पाणी सोडणे म्हणजे काय, ते त्या कचेरीत त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचे वडील धरणाच्या खालच्या अंगाला नाव चालवत. तिथे नदी रुंद होती आणि पूल नव्हता. दरवाजे उघडले की पस्तीस मिनिटांत पाणी त्या धक्क्याला पोचे. त्या वेळी नाव नदीच्या मध्यावर असून चालणार नव्हते.

नदीकाठी पाच ठिकाणी आधी कळवावे लागे. पंपघर, वीटभट्टी, दोन वाड्या, ही चार ठिकाणे पहिल्या दुसऱ्या घंटेला फोन उचलत. पाचवे ठिकाण म्हणजे नावेचा धक्का. तिथे एका छपरीत फोन होता, पण उचलणारा पाण्यात. ही खिशात फोन येण्याच्या आधीची गोष्ट आहे, मित्रांनो. म्हणून पेन्सिलकाकांनी छपरीच्या बाहेर एक मोठी घंटा लावून दिली होती. ती पाण्यावरून लांबवर ऐकू जाई. पण ताईंच्या बाबांची एक अडचण होती. फोन काय, दिवसभर येत. नाव सुरू आहे का, शेवटची खेप किती वाजता, सायकल घेता का. अशा प्रत्येक घंटेला नाव मागे वळवली तर माणसे पैलतीराला पोचणार कधी?

त्यावर बाबांनी आणि मामांनी मिळून एक रीत ठरवली. इतर माणसे वाट पाहतात आणि फोन ठेवून देतात. धरणाने ठेवायचा नाही. वाजत राहायचे. घंटा थांबली तर ती कोणाचीही, थांबलीच नाही तर ती धरणाची. मग बाबा असतील तिथून छपरीचा काठ गाठणार, माणसे उतरवणार, नाव बांधणार आणि फोन उचलून दोनच शब्द बोलणार, “नाव बांधली.” हे शब्द मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकायचे. तोवर बटणाला हात लावायचा नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर पेन्सिलकाकांनी मला कामाला लावले. पहिल्या तीन लाइनी शून्य दाबून सगळ्यांना. चौथी लाइन फक्त वरच्या खोलीला, आकडा नऊ. ती कितीही वेळ वाजू दे, मी तोडायची नाही. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक, सरळ अक्षरात सगळे लिहून ठेवले. नुसते काय केले ते नाही, का केले तेही.

असे आम्ही बरीच वर्षे काढली. ती माझी सुखाची वर्षे. वर्षातून एकदा पेन्सिलकाका येत, ब्रशने माझी धूळ झाडत. माझ्या पोटातल्या उबेला एक पाल राहायला आली होती. काका झाकण उघडून तिला म्हणत, “चला बाई, अर्धा तास बाहेर फिरून या,” आणि ती जाईपर्यंत स्टुलावर बसून राहत. पाहुणे आले की ताई मला दाखवत. “बारा फोन, चार लाइनी, पण आमच्या पेटीनं एकदासुद्धा दगा दिला नाही.” मी लोखंडाची आहे, तरी असे कोणी म्हटले की मला बरे वाटे.

चौथी लाइन वर्षातून पंधरा वीस दिवसच वाजे. बाकीचे दिवस ती नुसती असे. ते तिचे काम होते.

मग पेन्सिलकाका निवृत्त झाले. जाताना झाकणावर हात ठेवून थोडे थांबले, एवढेच. त्यानंतर मला फारसे कोणी उघडले नाही. माझ्या कडीला कोणी छत्री अडकवू लागले. पाल गेली. कचेरीत माणसे वाढली आणि फोन मिळेना. नकाशावाले म्हणत, “शून्य दाबून दाबून बोट झिजलं.” ते खोटे नव्हते. तीन लाइनी आता खरोखरच कमी पडत होत्या.

नवे साहेब आले ते अशा वेळी. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मन लावून काम करणारे गृहस्थ होते. सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि माणसांच्या तक्रारी वहीत लिहून घेत. रोज साडेचारला आईला फोन करत, आणि तिचे सगळे ऐकून घेत. त्यांनी चारही लाइनींचा महिन्याचा वापर काढला. तीन लाइनी दिवसभर गुंतलेल्या, चौथी महिनाभरात एकदाही नाही. तुम्ही असतात तर काय केले असते? त्यांनीही तेच केले. एका तंत्रज्ञाला बोलावले.

तोही हुशार होता. पुस्तिका उघडून त्याने तासाभरात मला नव्याने सगळे शिकवले. चारही लाइनी सगळ्यांना, शून्य दाबून. नऊ आकडा बंद. आणि एक नवा नियम घातला. मिनिटभर वाजूनही समोरून कोणी फोन उचलला नाही, तर ती लाइन मी सोडून द्यायची, म्हणजे ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. मग त्याने एक टाइप केलेला स्वच्छ तक्ता आणला आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवला. बरोबर पेन्सिलीच्या अक्षरांवर. त्याला ती दिसली असतील. पण पेन्सिलीने लिहिलेले आपल्याला कच्चे वाटते, नाही का?

ताई त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना सांगितले, “आता चार लाइनी आहेत, तुमची डोकेदुखी गेली.” ताईंनी विचारले, “वरच्या खोलीचं काय?” साहेब म्हणाले, “त्यांनाही चार आहेत की. आधी एक होती.” हिशेबाने ते अगदी बरोबर होते. ताई तिथे थोड्या घुटमळल्या, पण मिनिटाच्या नियमाचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मला माहीत होते, पण मला विचारले तरच बोलता येते, आणि मला कोणी विचारत नाही.

मित्रांनो, आता त्या दुपारचे सांगते.

वरच्या अंगाला सकाळपासून पाऊस कोसळत होता. चार वाजता मापवाल्या बाईंनी ताईंना फोन केला. बाईंचा आवाज कधी चढत नसे. “लाल खुणेला बारा सेंटिमीटर उरलेत. दर दहा मिनिटांना साधारण अडीच चढतंय. पाच वाजायच्या आत दरवाजे उघडावे लागतील. वेग वाढला तर त्याही आधी.”

ताईंनी पंपघराला कळवले, वीटभट्टीला कळवले, दोन्ही वाड्यांना कळवले. दरवेळी लाइन मोकळी व्हायची वाट पाहावी लागली, त्यात साडेचार होत आले. आकाश काळे झाले होते आणि कचेरीतल्या प्रत्येकाला घर आठवले. चारही लाइनींवर माझ्यातून जे बोलणे गेले, ते मी अजून विसरले नाही. “गच्चीवरचे कपडे काढ.” “मला उशीर होईल, धाकट्याला क्लासला तू सोड.” “छत्री इथेच विसरले होते, म्हणून बरं.” यात कोणाचा काही दोष होता का? माणसे आपल्या माणसांना फोन करत होती. त्यासाठीच तर मी आहे.

वर मामांनी फोन उचलला आणि सवयीने नऊ दाबला. मी त्यांना चुकीच्या आकड्याचा सूर ऐकवला. त्यांनी पुन्हा नऊ दाबला. मग आठवण होऊन शून्य दाबला. चारही लाइनी गुंतलेल्या. तीनदा, चारदा शून्य दाबल्यावर एक मोकळी मिळाली. त्यांनी धक्क्याचा नंबर लावला. तिकडे घंटा वाजू लागली. मिनिट झाले आणि मी, सांगितल्याप्रमाणे, लाइन सोडून दिली.

घंटा थांबली. म्हणजे ती कोणाचीही.

मामांनी ताईंना आतला फोन लावला. “पोरी, तुझे बाबा आहेत ना धक्क्यावर?”

“असणारच मामा. साडेचारला शाळा सुटते. पोरांच्या तीन खेपा असतात.”

“मग घंटा का बंद पडते मधेच?”

“थांबा, मी लावून बघते.”

ताईंनी लावला. त्यांच्यासाठीही मी मिनिटभरच वाजवले आणि सोडून दिले. त्या पुन्हा लावायला गेल्या तर चारही गुंतलेल्या. दरवेळी सोडलेली लाइन लगेच दुसरे कोणी घेत होते. नियम अगदी नियमाप्रमाणे चालला होता.

मापवाल्या बाईंचा फोन आला. “वेग वाढलाय. तीन उरले. पावणेपाचच्या पुढे थांबता येईल असं वाटत नाही, फार तर पाचला दहा कमी असेपर्यंत.”

घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. धक्क्यावर माणूस पाठवायचा तर, इथून काय नि वाडीतून काय, रस्ता डोंगराला वळसा घालून तासाभराचा. आणि नावेत शाळेची पोरे. हे सगळे ताईंनी मोठ्याने म्हटले नाही. त्या फक्त आतल्या फोनवर मामांना म्हणाल्या, “मामा, तुमची घंटा किती वेळ वाजून थांबली?”

“मिनिटभर असेल.”

“माझीही बरोबर मिनिटभर. म्हणजे बाबा नाहीत, पेटी थांबवतेय.”

त्या उठल्या आणि त्यांनी दार लावले. मला खोली दिसली. ताई माझ्यासमोर उभ्या होत्या, हातात कडीवरची छत्री. ती त्यांनी खाली टाकली आणि झाकण उघडले. समोर टाइप केलेला तक्ता. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. मिनिटाची ओळ सापडली. त्या पुटपुटल्या, “काकांनी इथे काहीतरी लिहिलं होतं,” आणि नखाने चिकटपट्टीचा कोपरा उचलला.

तक्ता निघाला. खाली पेन्सिलीची अक्षरे जशीच्या तशी होती. झाकले गेल्यामुळे उलट पुसली गेली नव्हती.

लाइन ४ फक्त वरच्या खोलीला. मोकळी ठेवावी. नाव नदीत असेल, वाजू द्यावे.

आणि सर्वांत खाली, जराशा घाईतल्या अक्षरात:

पेटीने ऐकले नाही तर ४ची पिन काढून साध्या फोनला लावावी. शून्य नको, नऊ नको. सरळ नंबर.

ताईंनी कोपऱ्यातल्या कपाटावरचा जुना साधा फोन उचलला. माझ्या चौथ्या सॉकेटमधली पिन काढली. त्या लाइनीवर कोणीतरी बोलत होते, ते बोलणे तिथेच तुटले. पिन त्यांनी साध्या फोनला लावली आणि नंबर फिरवला. आता ती लाइन माझ्यातून जात नव्हती. पलीकडे घंटा वाजते आहे की नाही हे मला कळायचा काही मार्ग उरला नव्हता. मला दिसत होता फक्त ताईंचा चेहरा, आणि कानाला घट्ट लावलेला फोन.

दार उघडून साहेब आत आले आणि मी पुन्हा दाराआड गेले. “अहो, माझा फोन कोणी तोडला? आईशी बोलत होतो मी.”

“मी तोडला साहेब. दार लावा जरा, मला पेटी दिसू दे.”

साहेबांना ऑपरेटरने असे कधी सांगितले नसावे. त्यांनी दार लावले. मग त्यांना माझे उघडे झाकण दिसले आणि ते वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

“किती वेळ झाला वाजून?” त्यांनी हळू आवाजात विचारले.

“चार मिनिटं.”

आतला फोन वाजला. मापवाल्या बाई होत्या. साहेबांनी घेतला. “एक सेंटिमीटर,” बाई म्हणाल्या. “मी अंदाजाने नाही सांगत, पट्टीला हात लावून सांगतेय.”

साहेबांनी वरच्या खोलीला फोन लावला. “मामा, उघडावं लागेल.”

“तुम्ही म्हणाल तसं, साहेब. पण शब्द ऐकू द्या आधी. पंचवीस वर्षांत न ऐकता बटणाला हात लावलेला नाही मी.”

“धरणाचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. म्हणूनच बोट बटणावर ठेवून बसलोय.”

साहेबांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी कानावरचा फोन हलवला नाही. फक्त एक बोट वर केले. एक मिनिट. साहेब घड्याळाकडे बघत उभे राहिले. आपण जो नियम घातला होता, त्यातले एक मिनिट किती लांब असते ते त्यांना बहुधा तेव्हा कळले.

आणि मग ताईंचा चेहरा बदलला.

त्यांनी साहेबांच्या हातातला आतला फोन ओढून घेतला, आणि दोन्ही फोन एकमेकांना उलटसुलट लावून धरले. एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडाशी. तिकडून येणारा आवाज त्या साध्या फोनमधून बाहेर पडला, आतल्या फोनमध्ये शिरला, माझ्यात आला, आणि मी तो वर मामांकडे पोचवला. आवाजाला धाप लागलेली होती.

“नाव बांधली. पोरं वर काढली. बांधली नाव.”

“ऐकलं,” मामा म्हणाले, आणि वर बटण दाबल्याचा खटका मला ऐकू आला.

त्या दिवशी माझ्यातून शेकडो शब्द गेले असतील. ते दोन शब्द पोचवताना माझ्या सगळ्या वायरी एकदम गरम झाल्यासारख्या वाटल्या.

ताईंनी साधा फोन परत कानाला लावला. “बाबा.”

बाबा एवढ्या मोठ्याने बोलत होते की साहेबांनाही ऐकू जात होते. “अगं, किती वाजवशील? वीस पोरं होती नावेत, उतरवू नको का त्यांना? आणि आधी काय चाललं होतं तुमचं? वाजायची, थांबायची. वाजायची, थांबायची. मी म्हटलं, कोणीतरी सायकलवाला असेल. धरण असतं तर थांबलं नसतं.”

“चुकलं बाबा. आमच्या पेटीला कोणीतरी घाई शिकवली होती.”

“मग परत सबुरी शिकवा तिला. बरं, तू जेवलीस का?”

तेव्हा कुठे ताई खाली बसल्या. साहेबांनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.  मग म्हणाले, “तो तक्ता लावायला मीच सांगितलं होतं.” ताई म्हणाल्या, “आणि मी विचारलं होतं, पण अर्धवट. उत्तर मिळाल्यावर गप्प बसले.”

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. साहेबांनी त्याला रागावलेले मी ऐकले नाही. त्यांनी त्याला स्टूल दिले आणि म्हणाले, “आधी ताईंना विचारा, इथे कोण कोणाला फोन करतं आणि कशासाठी.” तो दोन तास बसला. मिनिटाचा नियम काढून टाकला. नकाशावाल्यांची तक्रारही खरी होती, म्हणून आणखी एक बाहेरची लाइन मागवायचे ठरले. मग त्याने पेन्सिलकाकांना फोन लावला, माझ्यातूनच. काकांचा आवाज म्हातारा झाला होता.

“काका, तुमचं लिहिलेलं मी झाकून टाकलं. वाचायला हवं होतं.”

“हवं होतं,” काका म्हणाले. “पण मी तरी आत कशाला लिहिलं? बाहेर लिहायला हवं होतं. झाकण कोण उघडतं रोज? पाल आहे का अजून?”

“पाल? नाही, दिसली नाही.”

“उघडी ठेव जरा दोन दिवस. येईल.”

मित्रांनो, या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. बाबांच्या धक्क्यावर पूल झाला. ताई निवृत्त झाल्या, पण कचेरीत आल्या की माझ्या झाकणावरून बोट फिरवून धूळ बघतात आणि शिपायाला ऐकवतात. बोलणे आता दुसऱ्या, लहानशा पांढऱ्या डबीतून जाते. माझ्याकडे कोठाराचे आणि वरच्या खोलीचे दोन आतले फोन तेवढे उरले आहेत. काढून टाकायचे ठरले तेव्हा साहेबच म्हणाले, “राहू दे तिला. जागा कुठे अडवतेय? दाराच्या मागे तर आहे.” ते आता केस पिकलेले साहेब आहेत. माझ्या झाकणावर, बाहेरच्या बाजूला, त्यांच्या हातचे अक्षर आहे, ‘चौथी लाइन मोकळी ठेवा’. पेन्सिलीचेच.

माझे चौथे सॉकेट त्या दिवसापासून रिकामे आहे. ती लाइन पुन्हा माझ्यात कोणी जोडली नाही. साधा फोन तिच्यासकट वरच्या खोलीत गेला, आणि ते योग्यच झाले. मला त्याचे वाईट वाटत नाही. इतकी वर्षे मी माणसांना एकमेकांशी जोडत आले, पण त्या दुपारी मला वाटेतून बाजूला केले म्हणून वीस मुले घरी गेली. त्या सॉकेटमागचा सांधा अजून चकचकीत आहे, तो पुन्हा जोडणाऱ्या बाईला हे कोणीतरी सांगायला हवे होते.

तुम्हाला एवढेच मागते. कुठे एखादी जागा, एखादी लाइन, एखादा माणूस नुसताच बसलेला दिसला, तर त्याला उठवण्याआधी विचारा, कशासाठी बसला आहेस. उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारा. आणि तुम्ही स्वतः काही नीट लावून ठेवलेत, तर का लावले ते लिहा, आणि दिसेल अशा जागी लिहा.

आणखी एक. आपल्या माणसाला तुम्ही फोन कराल, आणि तो वाजत राहील, कोणी उचलणार नाही. लगेच ठेवून देऊ नका. तो कदाचित नदीच्या मध्यावर असेल, नावेत माणसे असतील, आणि तुमची घंटा थांबते की नाही हे ऐकत तो काठाकडे येत असेल.